समुद्र तापला खरा, पण तुमच्याकडे पाणी कुठे थांबलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याकडे एका भागातली 12 वर्षांची दरमहा रुग्णसंख्या आहे, डेंग्यूची आणि हिवतापाची. शेजारच्या रकान्यात त्याने एल निनोचा निर्देशांक मांडला. डेंग्यू एल निनोनंतर वाढताना दिसतो, सहसंबंध 0.6 च्या आसपास येतो (0 म्हणजे काहीच मेळ नाही, 1 म्हणजे पूर्ण मेळ). हिवताप मात्र एका एल निनोत वाढला आणि पुढच्यात चक्क खाली आला. वाचायला घेतलं तर कुणी म्हणतं एल निनो म्हणजे साथ ठरलेलीच, कुणी म्हणतं दुष्काळात डासच उरत नाहीत. मग खरं काय? आणि या 0.6 वर पुढच्या वर्षीचा अंदाज बांधता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: एवढ्यावर नाही. कारण पुढे येईल. पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागेल, कारण तुम्ही वाचलेली दोन्ही मतं खरी आहेत. ती वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या डासांबद्दल खरी आहेत, एवढंच.

मी कीटकशास्त्रातून या कामात आले. वीसेक वर्षं अळ्या मोजायच्या, डास पकडायचे आणि त्या आकड्यांचा रुग्णांच्या आकड्यांशी मेळ बसतो का ते बघायचं, हाच उद्योग. हवामानवाले समुद्रापासून सुरुवात करून खाली येतात, मी पिंपाच्या तळापासून वर जाते. मधे कुठेतरी आमची गाठ पडते, आणि बहुतेक वेळा भांडण तिथेच होतं.

आधी समुद्राची बाजू पटकन उरकू. विषुववृत्ताजवळच्या मध्य आणि पूर्व प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं, तो एल निनो. थंड होतं, ती ला निना. तुम्ही वापरलेला निर्देशांक बहुधा 170 ते 120 अंश पश्चिम रेखांशांमधल्या पट्ट्याचा असणार. तिथलं तापमान सरासरीच्या 0.5 अंश वर गेलं आणि काही महिने टिकलं की एल निनो म्हणतात. दर 2 ते 7 वर्षांनी हा फेरा येतो. हे पाणी तापलं की त्यावरच्या हवेचं वर-खाली होणारं चक्र सरकतं आणि पावसाच्या जागा बदलतात. गंमत म्हणजे या गोष्टीचा एक धागा मान्सूनच्या अंदाजाच्या खटपटीतून सापडला. 1904 पासून भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर पाऊस आधी कळावा म्हणून जगभरचे आकडे जुळवत होते. त्यात त्यांना प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोपाळा दिसला. तो समुद्राच्या तापण्याशी जोडला गेला 1969 मध्ये, याकोब बियर्कनेस यांच्या हातून.

आपल्या कामाचा मुद्दा असा, की एल निनोत सगळीकडे एकच काही होत नाही. इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया आणि भारतीय उपखंडात पाऊस कमी होण्याकडे कल असतो. पूर्व आफ्रिकेत ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस वाढण्याकडे कल असतो. आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाकडे पुन्हा कोरडं. त्यात हिंदी महासागराचं स्वतःचं एक दोलन आहे, त्याला द्विध्रुव म्हणतात, आणि त्याची नीट ओळख 1999 मध्ये झाली. पश्चिमेकडचं पाणी गरम आणि पूर्वेकडचं थंड झालं की पूर्व आफ्रिकेत धो धो पाऊस. 1997 मध्ये हा द्विध्रुव आणि मोठा एल निनो एकत्र आले होते. म्हणून तुमच्या तक्त्यात एल निनोचा एकच रकाना असेल, तर तो अर्धीच गोष्ट सांगतोय.

आता पिंपाकडे येऊ.

पाऊस वाढला की डास वाढतात, हे वाक्य मी अगदी शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकते. डासाला पाऊस नको असतो, साचलेलं पाणी हवं असतं. अंड्यापासून डास व्हायला उबदार दिवसांत आठ-दहा दिवस लागतात, तेवढा वेळ पाणी जागेवर राहायला हवं. पाऊस ते पाणी साठवतो, आणि जास्त झाला तर अळ्यांसकट वाहूनही नेतो.

याचं माझं आवडतं उदाहरण 1997-98 च्या एल निनोचं आहे. पूर्व आफ्रिकेत प्रचंड पाऊस झाला. केनिया आणि युगांडाच्या डोंगराळ भागांत हिवतापाचे उद्रेक झाले. त्याच मोसमात, तसाच जादा पाऊस पडलेल्या टांझानियाच्या उसांबारा डोंगरांत हिवताप नेहमीपेक्षा कमी झाला. पावसाने अळ्यांच्या जागाच धुऊन नेल्या असाव्यात, असा निष्कर्ष तिथे अभ्यास करणाऱ्यांनी काढला. एकच एल निनो, तोच पाऊस, उतार वेगळा. तुमच्या हिवतापाच्या आकड्यांनी जी पलटी मारली, तिला अशी उत्तरं आहेत.

उलटं उदाहरण श्रीलंकेचं, 1934-35 चं. बेटाच्या नैर्ऋत्य भागात पाऊस भरपूर, नद्या एरवी भरून वाहणाऱ्या, त्यामुळे तिथे हिवताप कमी. त्या साली पाऊस फसला, नद्या आटल्या आणि पात्रात डबकी उरली. ऊन पडणारी, स्वच्छ, न हलणारी डबकी म्हणजे अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसीस या हिवताप पसरवणाऱ्या डासाची पसंतीची जागा. त्या साथीत सुमारे 80,000 माणसं दगावली. साथ दुष्काळाने आणली होती. आणि हिवताप फारसा न पाहिलेल्या लोकांच्या अंगात त्याला तोंड देण्याची ताकदच नव्हती, म्हणून ती एवढी जीवघेणी ठरली.

जुन्या नोंदींवर नंतर झालेल्या अभ्यासात एक मजेशीर गोष्ट दिसते. श्रीलंकेत साथी एल निनोच्या वर्षीच जास्त यायच्या. जुन्या पंजाबात मात्र त्या एल निनोचं कोरडं वर्ष सरून पुढचा मान्सून जोरदार झाला की यायच्या. दोन्हीकडे डासाची जात तीच, उपखंड तोच, पण एकीकडे नदी आटल्यावर डबकी होतात आणि दुसरीकडे सपाट जमिनीवर पाणी तुंबल्यावर. तुम्ही हे दोन भाग एका तक्त्यात मिसळले असते तर सहसंबंध शून्याच्या जवळ आला असता, आणि तुम्ही लिहून मोकळे झाला असता की एल निनोचा काही परिणाम नाही.

डेंग्यूचा एडिस डास तर आणखी वेगळा. त्याला माणसाने साठवलेलं पाणी आवडतं: पिंप, टाकी, कुंडीखालची ताटली, पडलेला टायर. इथे माझी एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी कोरड्या मोसमाचा अंदाज आला होता. पाऊस कमी म्हणजे डास कमी, अशा हिशेबाने मी अळी सर्वेक्षणाच्या फेऱ्या कमी करायची शिफारस केली. वरून लगेच मंजुरी मिळाली (खर्च कमी करणारी शिफारस कधी अडत नाही). पाऊस खरंच कमी झाला. नळाला पाणी येईना, तशी लोकांनी मिळेल त्या भांड्यात पाणी भरून ठेवायला सुरुवात केली, आणि डेंग्यूचे रुग्ण नेहमीच्या मोसमाच्या दोन महिने आधी यायला लागले. मग मी धावत गेले. घरात पाच-सहा पिंपं, झाकण एकाला, तेही तिरकं. आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेच्या जरा वर बारीक काळ्या ठिपक्यांची पट्टी. नखाने खरवडली तर रवाळ लागते. ती एडिसची अंडी. ती कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात आणि पाणी पुन्हा त्या रेषेपर्यंत चढलं की फुटतात. पिंप रिकामं करून उपडं घातलं तरी ती चिकटलेलीच असतात. काथ्याने घासावं लागतं.

तेव्हापासून कोरड्या वर्षाचा अंदाज आला की मी सर्वेक्षण वाढवायला सांगते.

मी एकटीच फसले असंही नाही. 2004 मध्ये केनियाच्या किनाऱ्यावर लामू आणि मोंबासा इथे चिकुनगुन्याची साथ आली, ती कोरड्या, उष्ण दिवसांनंतर. तिथेही संशय घरात साठवलेल्या, फारशा न बदललेल्या पाण्यावर आहे. तिथून तो विषाणू हिंदी महासागरातल्या बेटांवर गेला, रियुनियनमध्ये एक तृतीयांश लोकसंख्या आजारी पडली, आणि 2006 मध्ये भारतात तेरा लाखांहून जास्त संशयित रुग्ण नोंदले गेले. तिकडे बार्बाडोसच्या आकड्यांत दोन टप्पे दिसतात: चार-पाच महिने आधीचा दुष्काळ डेंग्यूचा धोका वाढवतो, आणि एक-दोन महिने आधीचा जादा पाऊसही वाढवतो. आधी भांडी भरली जातात, मग अंगणात पाणी साचतं. तुमच्या तक्त्यात पावसाला फक्त एका महिन्याचं अंतर दिलं असेल, तर यातला पहिला टप्पा दिसणारच नाही.

क्युलेक्स या तिसऱ्या डासाचं थोडक्यात सांगते. त्याला घाण पाणी चालतं. कोरड्या दिवसांत गटारं तुंबतात, तो वाढतो. जोराच्या पावसात गटारं धुतली जातात, तो घटतो. पक्ष्यांकडून या डासामार्फत माणसांत येणाऱ्या वेस्ट नाईल तापाचे काही मोठे उद्रेक दुष्काळी उन्हाळ्यांत झाले, त्यामागे हेही एक कारण मानतात. उरलेल्या थोड्या पाणवठ्यांवर पक्षी आणि डास दोघांचीही गर्दी होते, हे दुसरं.

इथपर्यंत पाण्याचं झालं. तापमान राहिलं, आणि त्याचा हिशेब तुम्ही कागदावर करू शकता. हिवतापाच्या रुग्णाला चावलेला डास लगेच रोग देऊ शकत नाही. परजीवी त्याच्या पोटात वाढून लाळेपर्यंत पोहोचावा लागतो. फाल्सिपॅरम या हिवतापाच्या सगळ्यात घातक परजीवीसाठी एक जुनं, ढोबळ पण कामाचं सूत्र आहे: सरासरी तापमानातून 16 वजा करा आणि 111 ला त्या संख्येने भागा. 20 अंशांना उत्तर येतं 28 दिवस. 22 अंशांना साडेअठरा. 25 अंशांना बारा. आता धरा की रोज 100 पैकी 90 डास जगतात. मग 100 डासांपैकी परजीवी तयार होईपर्यंत 20 अंशांना जेमतेम 5 उरतात, 22 अंशांना 14 आणि 25 अंशांना 27. म्हणजे 20 वरून 22 वर जाताना धोकादायक डास जवळजवळ तिप्पट होतात. हेच दोन अंश 27 वरून 29 वर गेले तर 35 चे 41 होतात. प्रत्यक्षात तेही होत नाहीत, कारण एवढ्या उष्म्यात अ‍ॅनोफिलीस लवकर मरतो. हिवतापाच्या प्रसाराला साधारण 25 अंश सगळ्यात सोयीचे, डेंग्यूला एडिस इजिप्टायमार्फत 29 च्या आसपास.

म्हणून एल निनोने तापमान अंशभर वाढलं याचा धसका थंड, उंच भागांनी घ्यावा. आधीच तापलेल्या मैदानी भागात त्या अंशाने हिवताप फारसा हलत नाही, डेंग्यू हलू शकतो. तुमच्या प्रश्नात भागाची उंची आणि सरासरी तापमान दिलेलं नाही, त्यामुळे इथे मला ठाम बोलता येत नाही.

आणि मग माणसं. हा भाग हवामानवाल्यांच्या आलेखात येत नाही, म्हणून जरा थांबते. डेंग्यूचे चार उपप्रकार आहेत. एक होऊन गेला की त्याच उपप्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, बाकीच्या तिघांपासून तसं मिळत नाही. मोठी साथ येऊन गेली की लागण होण्याजोगी माणसं कमी उरतात, पुन्हा साठायला काही वर्षं जातात, आणि रोग स्वतःच्याच तालावर दर तीन ते पाच वर्षांनी उसळतो. एल निनोचा ताल 2 ते 7 वर्षांचा. असे दोन लोलक शेजारी टांगले तर दहा-बारा वर्षांत ते काही काळ एकत्र हलताना दिसणारच, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसला तरी. थायलंडच्या डेंग्यूत असंच आढळलं, की एल निनोशी असलेलं नातं काही वर्षं घट्ट असतं आणि मग सुटतं.

तरी ते नातं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. आग्नेय आशियातल्या आठ देशांचे 1993 ते 2010 चे आकडे एकत्र बघितले, तर 1997-98 मध्ये सगळीकडे डेंग्यू एकाच वेळी उसळलेला दिसतो. आठ देशांचे लोलक योगायोगाने एका क्षणी जुळणं अवघड आहे. कुणीतरी एकत्र धक्का दिला, आणि तो बहुधा त्या एल निनोच्या उष्म्याने दिला. 2024 मध्ये जगभरात डेंग्यूचे 1 कोटी 40 लाखांहून जास्त रुग्ण नोंदले गेले, आदल्या वर्षी एल निनो होता. तो एक कारण असणार. पण वाढती शहरं, फिरणारी माणसं, उपप्रकारांची अदलाबदल आणि मुळात वर सरकलेलं जगाचं तापमान यांतून एल निनोचा वाटा किती, हे कुणी एका आकड्यात सांगू लागलं तर मी त्याला आधी त्याची पद्धत विचारते.

आता तुमचा 0.6. 12 वर्षांचे 144 महिने दिसतात, म्हणून 144 साक्षीदार आहेत असं वाटतं. पण त्या 12 वर्षांत एल निनो झाले किती? तीन, फार तर चार. साक्षीदार तेवढेच, तेच महिनोन् महिने एकच गोष्ट सांगतायत. त्यातला एक जरी काढला तरी 0.6 चं काय होतं, ते बघा. मी पैज लावत नाही, पण तो कोसळला तर मला नवल वाटणार नाही. दुसरं, डेंग्यू दर वर्षी ठरावीक महिन्यांत वाढतोच. ती वार्षिक लाट काढून टाकल्याशिवाय तुलना करू नका. प्रत्येक महिना त्याच महिन्याच्या सरासरीशी ताडून बघा. तिसरं, तपासणी कधी बदलली? मी एकदा आकड्यांतल्या एका उडीचं कारण दोन आठवडे पावसात शोधत होते. निघालं काय, तर त्या वर्षी तपासणीचे नवे किट आले होते आणि आधी नुसता 'ताप' म्हणून लिहिले जाणारे रुग्ण आता डेंग्यू म्हणून लिहिले जात होते.

मग अंदाज बांधायचाच नाही का? बांधायचा, पण त्याच्याकडून काय मागायचं ते ठरवून. रिफ्ट व्हॅली तापाची गोष्ट बघा. पूर्व आफ्रिकेत जमिनीला उथळ खोलगट जागा असतात, तिथल्या मातीत एडिसची काही अंडी विषाणू घेऊनच पडून असतात. एल निनो आणि तापलेला पश्चिम हिंदी महासागर एकत्र आले की त्या जागा आठवडे न् आठवडे पाण्याखाली राहतात, अंडी फुटतात, आधी गुरं-मेंढ्या आणि मग माणसं आजारी पडतात. 1997-98 मध्ये हे घडलं. 2006 मध्ये समुद्राचं तापमान आणि उपग्रहातून दिसणारी हिरवळ बघून साथ कळण्याच्या 2 ते 6 आठवडे आधी इशारा देता आला. इशारा बरोबर निघाला. तरी केनिया, सोमालिया आणि टांझानिया मिळून तीनशेहून जास्त माणसं गेली, कारण इशारा आणि लस टोचलेली गुरं यांच्यामधलं अंतर 6 आठवड्यांत कापलं जात नाही. बोट्स्वानामध्ये हिवतापाचं वाईट वर्ष पाच महिने आधीपर्यंत ओळखता येतं, असं 2006 साली दाखवलं गेलं. तिथे ते जमतं, कारण प्रदेश निमकोरडा आहे. हिवताप पावसावरच अडलेला असतो आणि पाऊस समुद्रावर. मधल्या कड्या थोड्या, म्हणून अंदाज नीट लागतो. तिथे ओलं वर्ष आणते ती ला निना, त्यामुळे एल निनो गेला की सुटलो असंही समजू नका. पाकिस्तानातला 2022 चा महापूर ला निनाच्या वर्षीच आला आणि त्या वर्षी तिथला हिवताप आदल्या वर्षाच्या सुमारे पाचपट झाला.

एक जुनी पद्धत मला अजूनही शहाणपणाची वाटते. 1921 पासून पंजाबात क्लिफर्ड गिल हिवतापाच्या साथीचा अंदाज वर्तवत. त्यांच्या हिशेबात मान्सूनचा पाऊस होता, मुलांच्या फुगलेल्या पानथरीचं प्रमाण होतं (अंगातल्या प्रतिकाराची खूण), आणि धान्याचे भावही होते. उपग्रह नव्हते, संगणक नव्हते. आणि पाऊस, प्रतिकार, भूक या तिन्ही गोष्टी मात्र एकाच कागदावर होत्या. आजच्या कितीतरी चकचकीत आलेखांत यातली पहिलीच असते.

तुमच्या जागी मी असते तर एल निनोच्या बातमीकडे रुग्णांचा आकडा मागितला नसता. एवढंच विचारलं असतं: माझ्या भागात पुढचे सहा महिने पाऊस कमी की जास्त होण्याकडे कल आहे, आणि तसं झालं तर पाणी कुठे थांबेल? कमी होणार असेल तर पिंपं-टाक्यांची झाकणं, अळी सर्वेक्षण आणि डेंग्यूच्या किटचा साठा आधी. जास्त होणार असेल तर सखल जागा, तुंबणारे नाले आणि पाऊस ओसरल्यानंतरचे तीन-चार आठवडे, कारण पुराच्या पाठोपाठ येणारी लाट त्या काळात जमते. दोन्ही वेळा सध्या कोणता डेंग्यू उपप्रकार फिरतोय ते प्रयोगशाळेला विचारा. बराच काळ न दिसलेला उपप्रकार परत आला असेल, तर समुद्र थंड असला तरी मी झोपणार नाही.

आकडे पुन्हा मांडाल तेव्हा डेंग्यू आणि हिवताप वेगळे ठेवा, पावसाला एक ते सहा महिन्यांची वेगवेगळी अंतरं देऊन बघा, हिंदी महासागराचा रकाना घाला. आणि त्या 12 वर्षांत नळाला किती दिवसांआड पाणी येत होतं याची नोंद कुठे मिळाली तर तीही जोडा. ती पाणीपुरवठ्याच्या दप्तरात असते, आरोग्याच्या नाही, त्यामुळे मागायला दुसऱ्या दारात जावं लागेल. मला त्या रकान्यात सगळ्यात जास्त रस आहे.